भोकर, शिंदी आणि निजामाची तिजोरी

'वाइन कंट्री' म्हटलं की आम्हा आयटीवाल्यांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं. नाशिक, दिंडोरी, द्राक्षांच्या सरळ रांगा, उंच काचेचे ग्लास, आणि ते हातात घेऊन काढलेले ग्रुप फोटो. त्यात वाईट काही नाही. पण महाराष्ट्रातली ही वाइन कंट्री तशी तरुण आहे. नारायणगावला शॅतो इंदाजची सुरुवात १९८० च्या दशकातली, नाशिकच्या सुलाची पहिली वाइन बाजारात आली ती २००० साली, आणि २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणून वाइनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं, तेव्हा कुठे या धंद्याने जोर धरला. म्हणजे माझी नोकरी आणि नाशिकची वाइन साधारण एकाच वयाच्या :-)

पण याच महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, मराठवाडा आणि तेलंगणाच्या सीमेवर, एक जुनी 'वाइन कंट्री' आहे. तिला कुणी तसं म्हणत नाही. तिथे मळे नाहीत, तळघरं नाहीत, टेस्टिंग तर नाहीच. तिथे आहे शिंदीचं झाड. गेल्या डिसेंबरात एका लग्नासाठी नांदेडला गेलो होतो, एक शनिवार मोकळा मिळाला, आणि मी तो भोकरला घालवला. आता भोकरला बघायला काय आहे, असं नांदेडचे मित्रसुद्धा विचारत होते. म्हणून हे टिपण जरा सविस्तर.

आधी भूगोल. नांदेडहून आदिलाबादकडे जाणारी गाडी मुदखेड जंक्शनला येते आणि तिथे रुळांना फाटा फुटतो. एक फाटा उमरी, धर्माबाद, बासरवरून निजामाबाद-सिकंदराबादकडे जातो. दुसरा भोकर, हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादला. दोन्ही फाट्यांचं तोंड तेलंगणाकडे. भोकर हे तालुक्याचं गाव, नांदेडपासून पन्नासेक किलोमीटर. ज्या चिकट फळाचं आपण लोणचं घालतो ते भोकर आणि हे भोकर, नाव एकच. बाजारात फिरलात तर मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा तीन भाषा एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात, आणि बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच भाषा बदलतो. (आमच्या टीममध्ये हिंदी-इंग्रजीचं जे होतं तेच, पण हे कितीतरी सफाईदार.)

टपरीवर एका वयस्कर गृहस्थांना विचारलं, "मामा, इकडं शिंदीची झाडं कुठं बघायला मिळतील?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बघायला? का प्यायला?"

"बघायलाच."

"कुठून आलाव?"

"पुण्याहून."

"पुण्याहून शिंदीचं झाड बघायला आलाव!" ते हसले, शेजारच्याला ही बातमी तेलुगूत सांगितली, तोही हसला. मग म्हणाले, "आता कुठं राह्यलेत. नाल्याच्या काठानं जा, दोन-चार दिसतील. लई बघायची असतील तर भैंशाच्या रस्त्यानं पुढं जा, तिकडं तेलंगणात."

नाल्याच्या काठी खरंच पाच झाडं होती. शिंदी म्हणजे रानखजूर. आखाती देशांतल्या खजुराची चुलत बहीण, पण फळात गर नावाला. हिचं मोल आहे ते रसात. ताड वेगळा, शिंदी वेगळी. हिवाळ्यात शेंड्याखालची एका बाजूची झावळं काढून खोड सोलतात, धारदार कोयत्याने छेद देतात आणि खाली मडकं बांधतात. रात्रभर थेंब-थेंब रस साठतो. पहाटे तो गोड असतो, ती नीरा. ऊन चढायला लागलं की हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट कामाला लागतं, आणि दुपारपर्यंत त्याची आंबूस शिंदी होते. बिअरइतकी, चार-पाच टक्के. वाइनला महिने लागतात, ओकची पिंपं लागतात. इथे सकाळी गोड, दुपारी मादक, दुसऱ्या दिवशी आंबट ढाण. साठवता येत नाही, लांब नेता येत नाही. जिथे पिकतं तिथेच, त्याच दिवशी संपवायचं.

या झाडाची एक गंमत मला कुणी आधी सांगितली नव्हती, बघितल्यावर कळली. एका वर्षी एका बाजूला छेद दिला की पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूला देतात, म्हणजे झाडाला दम मिळतो. त्यामुळे जुन्या खोडावर डावी-उजवी अशा खाचा पडत जातात आणि खोड नागमोडी दिसतं. खाचा मोजल्या की झाड किती हंगाम छेदलं गेलं ते कळतं. चक्क लॉग फाइल! त्या पाचांपैकी एकावर मी अकरा खाचा मोजल्या. वरचं खोड मात्र गुळगुळीत होतं. म्हणजे अकरा हंगाम कुणीतरी त्यावर चढत होतं, आणि मग चढणं थांबलं.

बंगालमध्ये याच झाडाच्या रसाचा गूळ करतात, नोलेन गूर. हिवाळ्यात तिकडचे लोक त्या गुळाच्या संदेशासाठी जीव टाकतात. तेच झाड, तोच छेद, तीच पहाट. फक्त तिकडे रस आंबू न देता लगेच आटवला जातो. म्हणजे झाडाच्या अंगी पाप-पुण्य काही नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. कारण पुढची गोष्ट झाडाच्या शिक्षेची आहे.

आता इतिहास. आबकारी हा शब्द फारसी, मुळात दारू गाळण्याचा धंदा. निजामाच्या हैदराबाद संस्थानात तो शब्द खजिन्याचा झाला. संस्थानाच्या उत्पन्नात जमीन महसुलाच्या खालोखाल आबकारीचा नंबर होता. १३१६ फसलीचा, म्हणजे १९०६-०७ चा, हैदराबाद आबकारी कायदा होता. झाड तुमच्या बांधावर असलं तरी परवान्याशिवाय त्याला छेद देता येत नसे. झाडामागे कर, दुकानाचा वेगळा हर्रास, आणि बोली जिंकणारा तो गुत्तेदार. पुण्या-मुंबईच्या मराठीत 'गुत्ता' म्हणजे दारूचा अड्डा, आणि मराठवाड्यात मात्र रस्ता बांधणाराही 'गुत्तेदार'च असतो. दोन्ही अर्थांचं मूळ एकच, मक्ता. दारूचा मक्ता इतका ठळक होता की आपल्याकडे तो शब्द दारूलाच चिकटून बसला.

सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने बघा. सरकारला कर गोळा करायला काय सोयीचं? जे मोजता येतं, पळत नाही, आणि वर्षानुवर्षं उत्पन्न देतं ते. शिंदीचं झाड या तिन्हीत बसतं. त्यावर नंबर टाकता येतो. धान्य लपवता येईल, पण तीस फुटी झाड कसं लपवणार? थोडक्यात, भोकरच्या शिवारातलं प्रत्येक छेदलेलं झाड ही निजामाची बिनभिंतीची तिजोरी होती.

आणि म्हणूनच १९४७ साली कुऱ्हाड तिच्यावर पडली.

मराठवाडा मुक्तिसंग्रामाची तारीख सगळ्यांना माहीत असते, १७ सप्टेंबर १९४८. मधलं वर्ष कमी लोकांना माहीत असतं. ७ ऑगस्ट १९४७ ला हैदराबाद स्टेट काँग्रेसने 'भारतीय संघराज्यात सामील व्हा' दिन पाळला आणि सत्याग्रह सुरू झाला. १५ ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. पुढे चळवळीने निजामाच्या उत्पन्नाच्या वाटा बंद करायचं ठरवलं. जंगल सत्याग्रह, लेव्हीला नकार, करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या नाक्यांवर हल्ले, आणि शिंदीच्या झाडांची तोड. संस्थानाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात उमरखेडला कॅम्प होता, तिथून नांदेड जिल्ह्यातल्या कारवाया चालत. ३० जानेवारी १९४८ ला, म्हणजे तिकडे दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच दिवशी, उमरीची बँक लुटली गेली. मुदखेडला फुटणाऱ्या दुसऱ्या फाट्यावरची, ती हीच उमरी. नाका, बँक, झाड. तिन्हींची यादी एकत्र वाचली की चळवळीचं तर्कशास्त्र स्वच्छ दिसतं. ज्या हातात पैसा जातो तो हात बांधायचा.

हे तर्कशास्त्र हैदराबादेत जन्मलं नव्हतं. एप्रिल १९३० मध्ये दांडीनंतर गांधीजींनी सुरत जिल्ह्यात रानखजुराची झाडं तोडायचा कार्यक्रम दिला होता. त्याही आधी, असहकाराच्या काळात, तामिळनाडूत ई. व्ही. रामस्वामींनी, म्हणजे पुढच्या पेरियारांनी, स्वतःच्या बागेतली शेकडो नारळाची झाडं ताडीविरोधात तोडून टाकल्याचं सांगितलं जातं. दारूबंदी आणि सरकारची नाकेबंदी असे दोन पक्षी एका दगडात. सत्तेचा अन्याय आणि व्यसनाचा अन्याय एकाच बुंध्यात सापडला, तर कुऱ्हाड उचलणाऱ्याचं मन शांत राहतं.

आणि ते दिवसही कुणाला हळुवार विचार करायला फुरसत देणारे नव्हते. १९४६ च्या ऑक्टोबरात बिलोली तालुक्यात अर्जापूरला गोविंदराव पानसरेंची हत्या झाली होती. ४७-४८ मध्ये रझाकारांनी गावंच्या गावं हैराण केली. लोक घरदार सोडून वऱ्हाडात पळत होते. जीवावर उदार होऊन रात्री झाडं तोडणाऱ्या विशी-बाविशीतल्या पोरांना, आज एसीत बसून लॅपटॉपवरून शहाणपण शिकवणं मला जमणार नाही. त्यांनी जे केलं त्यामुळेच मी भोकरला पासपोर्टशिवाय जाऊ शकलो, एवढं भान आहे.

पण एक प्रश्न राहतोच. झाडावर तिसराही एक माणूस होता. कर घेणारा निजाम, मक्ता घेणारा गुत्तेदार, आणि कमरेला दोराचा फास लावून पहाटे वर चढणारा. तेलुगू मुलखात हे काम गौड समाजाचं. मराठीत दारू गाळणाऱ्या-विकणाऱ्यांना कलाल म्हणत. निजामाची तिजोरी झाडामागे काही रुपयांनी हलकी झाली असेल, गुत्तेदाराने दुसरा मक्ता शोधला असेल. चढणाऱ्याचं मात्र झाड हेच शेत आणि झाड हेच अवजार. शिंदीचं झाड रस द्यायला लागायलाच काही वर्षं जातात. ते तोडलं म्हणजे चालू हंगामाबरोबर पुढची वीसेक वर्षंही तोडली.

टपरीवरच्या मामांना परत येताना हेच विचारलं. ते म्हणाले, "आमचे वडील सांगायचे. रातच्याला पोरायनं झाडं तोडले. सकाळी सगळे बघायला गेले."

"मग शिंदीवाल्यानं काय केलं?"

"काय करतो? विहिरी खणायला गेला. रोजानं." आणि त्यांनी चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

मुक्तिसंग्रामावरच्या लेखनात झाडं कोणी तोडली याची नावं सापडतात, आणि ती सापडायलाच हवीत. झाडावरून कोण उतरलं, त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची? बरं, हा माणूस इतिहासात नेहमीच मुका होता असंही नाही. औरंगजेबाच्या अखेरच्या काळात तेलंगणात सर्वाई पापन्ना नावाचा एकजण होता, शिंदी काढणाऱ्या घरात जन्मलेला. त्याने किल्ला बांधला, फौज जमवली, १७०८ मध्ये वरंगळ लुटलं आणि मुघल सरदारांना दोन-अडीच वर्षं झुलवत ठेवलं. १७१० मध्ये तो मारला गेला. त्याच्यावरची गाणी तेलंगणात आजही गातात. म्हणजे खजिन्यावर हात टाकायची कल्पना चढणाऱ्यालाही अडीचशे वर्षं आधी सुचली होती. फक्त त्याने झाड तोडलं नाही.

पुढची गोष्ट नकाशाची. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे भाषेप्रमाणे तुकडे झाले. नांदेड जिल्ह्यातला मुधोळ तालुका, भैंशासकट, आंध्र प्रदेशात गेला. आदिलाबादकडचा किनवट नांदेडात आला. भोकर होतं तिथेच राहिलं, पण आता ते राज्याच्या कडेचं गाव झालं. मग १९५९ मध्ये मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा मराठवाड्यालाही लागू झाला. पलीकडे तेलंगणात शिंदीची दुकानं चालू, अलीकडे नीरेचा आंबलेला थेंब हा गुन्हा. झाडाला सीमा कळत नाही, पिणाऱ्याला मात्र बरोबर कळते. पुढे महाराष्ट्राने बंदी सैल केली, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. पण तोवर जागा भरून निघाली होती ती कारखान्यातल्या मळीच्या दारूने. बाटलीत बंद, महिनोन्महिने टिकणारी, ट्रकने कुठेही जाणारी. एका दिवसात आंबणारी शिंदी तिच्यासमोर काय टिकणार?

सगळ्यात वाईट वळण त्यानंतरचं. शिंदीची चव आणि सवय राहिली, झाडं आणि चढणारे कमी झाले. मागणी आहे, पुरवठा नाही. मग मधल्या माणसाने झाडच वगळून टाकलं. पाणी, साखरेचा पर्याय, आणि गुंगीसाठी क्लोरल हायड्रेट किंवा झोपेच्या गोळ्यांची पावडर. तेलंगणात हा प्रकार अनेकदा पकडला गेलाय. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्ली भागात भेसळीच्या शिंदीने माणसं दगावली. रोज असली 'शिंदी' पिणाऱ्याला ती एकदम बंद झाली तर झटके येतात, भ्रम होतो. खऱ्या झाडाच्या रसात हे काही नव्हतं. दारू वाईट हे मला मान्य आहे. माझ्या नात्यात तिने दोन संसार मोडलेत, त्यामुळे शिंदीचं गोडवं गाण्याचा माझा इरादा नाही. पण कुऱ्हाडीने दारू गेली नाही, दारूतलं झाड तेवढं गेलं, हे हिशेबात धरायलाच हवं.

आणि आता दोन राज्यांच्या नाही, दोन ग्लासांच्या सीमेबद्दल. एकाच राज्यात एक आंबवलेला रस 'कृषी प्रक्रिया उद्योग' होतो आणि दुसरा 'धाड टाकली' या बातमीत येतो. इंग्रजांनी १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहवा कायदा केला आणि जंगलात पडणारं मोहाचं फूल गोळा करणंच बेकायदा ठरवलं. स्वतंत्र महाराष्ट्रात मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि नेण्यावरचे निर्बंध उठायला २०२१ साल उजाडलं. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२२ मध्ये, मोठ्या दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. त्यावर गदारोळ झाला आणि तो निर्णय तिथेच अडकला. त्या वादात 'शेतकऱ्याचं भलं' हे शब्द खूप वेळा आले. द्राक्ष लावणारा शेतकरी, हे बरोबरच. मग फूल वेचणारी बाई आणि झाडावर चढणारा माणूस यांना कोणता शब्द? त्यांच्या नावावर सातबारा नाही, म्हणून त्यांचं धोरण नाही, असं तर नाही ना?

माझ्या मते भोकरसारख्या गावाचं महत्त्व इथे आहे. इथे स्मारक बघायला यायचं नाही, नाल्याकाठची पाच झाडं बघायला यायचं. निजामाला त्या झाडात रुपया दिसला. चळवळीला त्यात निजाम दिसला. दारूबंदीवाल्यांना व्यसन दिसलं, भेसळवाल्याला तर झाड नकोच झालं. यांतला कोणीही पूर्ण चुकीचं बघत नव्हता (भेसळवाला सोडून). पण चढणारा माणूस कुणालाच दिसला नाही, आणि आपण लिहितो तो इतिहासही बहुतेक वेळा खालूनच, बुंध्यापाशी उभं राहून लिहिलेला असतो.

असो. वीकांताच्या मानाने फारच गंभीर झालं. कुणाला जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा, सकाळची गाडी धरा, उन्हं चढायच्या आत नाल्याकडे निघा. खोडावरच्या खाचा मोजा आणि शेवटच्या खाचेनंतर किती खोड गुळगुळीत वाढलंय तेही बघा. भैंशाकडे पुढे गेलात आणि कुणी ताजी नीरा दिली, तर ज्याने झाडावरून उतरवली त्याच्याच हातून घ्या. बाटलीतली कुणीही कितीही आग्रह केला तरी घेऊ नका. आणि तुमच्या गावाकडे शिंदीवाल्याची काही आठवण घरात कुणाला असेल, आजोबांना, आजीला, तर विचारून लिहून ठेवा. ती माणसं आता फार उरलेली नाहीत.